विद्यार्थी आरोग्य मंडळात 'सोशल अँड वेलफेअर'ला उभं राहायचंय, पत्रकात काय लिहू?

शाल्मली_खानापूर
नमस्कार मंडळी. बेळगावात बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या विद्यार्थी आरोग्य मंडळाची निवडणूक पुढच्या महिन्यात आहे. 'सोशल अँड वेलफेअर सेक्रेटरी' या पदासाठी अर्ज भरायचं ठरवलंय. नर्सिंग, फिजिओ, फार्मसी मिळून सव्वातीनशे मतदार. मराठी आणि कन्नड मुलं साधारण सारखीच, केरळची बरीच, ईशान्येकडची थोडी, शिवाय चंदगडहून रोज ये-जा करणारी.

अडलंय ते पत्रकावर. एकाच पदात दोन कामं आहेत. फ्रेशर्स, स्नेहसंमेलन, सहल एकीकडे आणि मुलांच्या अडचणी दुसरीकडे. पुढं कशाला करू? कुठली वचनं द्यावीत, कुठली देऊच नयेत? भाषण कुठल्या भाषेत करू? ज्यांनी अशी मंडळं जवळून पाहिलीत त्यांनी सविस्तर सांगा.

वडगावकर
पत्रक नंतर. आधी मंडळाच्या घटनेची झेरॉक्स मागून घे. तीन गोष्टी बघायच्या: या पदाची कामं नेमकी काय लिहिलीत, खर्चाला कुणाच्या सह्या लागतात, आणि वर्षाच्या वर्गणीतला किती पैसा या पदाच्या हातात येतो. पैसाच हातात नसेल तर 'मोठी सहल काढू' लिहून पुढं तोंड लपवायची पाळी येते.

बऱ्याच कॉलेजांत उमेदवारीच्या अटी विद्यार्थी निवडणुकांसाठीच्या लिंगडोह समितीच्या शिफारशींवरून घेतलेल्या असतात. सुप्रीम कोर्टानं त्या २००६ मध्ये लागू केल्या. खर्च ५,००० रुपयांच्या आत, छापील पोस्टर बंद, हातानं केलेलंच चालतं आणि तेही ठरवून दिलेल्या जागी. त्या वर्षी विषय राहिलेला नको. हजेरी ७५ टक्के किंवा विद्यापीठाची अट त्याहून जास्त असेल तर ती. नर्सिंगला परीक्षेला बसायलाच थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीत ८० टक्के लागतात, म्हणून ८० धरून चाल. पदाधिकारी म्हणून एकदाच उभं राहता येतं, त्यामुळं 'यंदा सराव, पुढच्या वर्षी खरं' हा विचार सोडून दे. निकालानंतर २ आठवड्यांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, ड्रॉइंग शीटची पावतीसुद्धा ठेव.

अर्ज बाद होतात ते फुटकळ चुकांनी. सूचकाचं नाव हजेरीपटावर वेगळं आणि सहीत वेगळं, किंवा एकाच मुलीनं दोन उमेदवारांना अनुमोदन दिलेलं. सह्या घ्यायच्या आधी विचारून घे, आणि पर्यायी दोन नावं तयार ठेव.

निपाणीचा_जोतिबा
सोशल पुढं कर, सरळ आहे. मुलांना फ्रेशर्स लक्षात राहतं, तक्रारपेटी नाही. स्टेज, साउंड, जेवण नीट होणार एवढं पटलं की मतं पडतात.

मृण्मयी_फिजिओ
जोतिबा, मतं पडतीलही. पण हे आरोग्याचं मंडळ आहे. इथली मुलं पहिल्या वर्षापासून वॉर्डात उभी राहतात, सुया हाताळतात. त्यांच्या वेलफेअरमध्ये पहिली गोष्ट येते ती हिपॅटायटिस बीची लस. हे कुणी पत्रकात लिहीत नाही याचं वाईट वाटतं.

शाल्मली, हे लिही, कारण हे करता येण्याजोगं आहे. लसीचे तीन डोस: आज, १ महिन्यानं, ६ महिन्यांनी. म्हणजे प्रवेशाच्या वेळी सुरुवात झाली नाही तर पहिलं क्लिनिकल पोस्टिंग अर्धवट संरक्षणावरच होतं. शेवटच्या डोसनंतर १ ते २ महिन्यांनी रक्तात अँटिबॉडी तपासतात, १० किंवा त्याहून जास्त आली की संरक्षण आहे असं धरतात. बहुतेक ठिकाणी पहिला डोस धूमधडाक्यात होतो, फोटो निघतो, आणि तिसरा राहून जातो, कारण सहाव्या महिन्यात परीक्षा किंवा सुटी असते. तुझं काम लस देण्याचं नाहीच. एक वही ठेवायची, नाव आणि तीन तारखा, आणि प्रत्येक तारखेच्या आठ दिवस आधी वर्ग प्रतिनिधीला आठवण. लस कॉलेज आणि हॉस्पिटल देतं, राहून जाते ती आठवण.

मृण्मयी_फिजिओ
आणि सुई टोचली तर काय करायचं त्याचा कागद प्रत्येक ड्यूटी रूममध्ये हवा, मराठी-कन्नड-इंग्रजीत. वाहत्या पाण्यात साबणानं धुवायचं. बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, ब्लीच-स्पिरिट ओतायचं नाही. लगेच सिस्टरना सांगायचं आणि नोंद करायची. एचआयव्हीसाठीची औषधं लागलीच तर जितक्या लवकर तितकं चांगलं, शक्यतो २ तासांच्या आत, ७२ तासांनंतर सुरू करत नाहीत, आणि कोर्स २८ दिवसांचा. मुलं सांगत नाहीत ती ओरडा बसेल या भीतीनं. त्या भीतीत वेळ जातो. कागदाच्या शेवटी 'सांगितल्याबद्दल कुणावरही कारवाई होणार नाही' ही ओळ प्रिन्सिपलांच्या सहीनं घालून घेता आली, तर वर्षभराचं काम झालं म्हण.

निपाणीचा_जोतिबा
हे मला सुचलंच नव्हतं. मानलं ताई. तरी फ्रेशर्स सोडू नकोस.

अक्कम्मा_गोकाक
मी नावावर बोलते. पोस्टरवर कन्नडात 'समाज कल्याण कार्यदर्शी' लिहू नकोस शाल्मली. 'समाज कल्याण इलाखे' म्हणजे सरकारचं खातं, हॉस्टेल आणि स्कॉलरशिपवालं. मुलं तुझ्याकडं स्कॉलरशिप का अडली म्हणून रांग लावतील, आणि काही जणांना वाटेल हे पद ठरावीक मुलांसाठीच आहे. मराठीतही 'समाजकल्याण' म्हटलं की तेच डोळ्यांपुढं येतं. कन्नडात 'विद्यार्थी क्षेमपालन' हा रुळलेला शब्द आहे, सगळ्यांना कळतो. मराठीत 'विद्यार्थी कल्याण व स्नेहसंमेलन' लिही, पुरे.

संकेश्वरी
स्कॉलरशिपचा विषय निघालाच आहे तर हा भाग सेक्रेटरीला पाठच हवा. कर्नाटकातल्या मुलांचा अर्ज एसएसपी (राज्याच्या स्कॉलरशिप) पोर्टलवर. त्याला जात आणि उत्पन्नाच्या दाखल्याचा आरडी नंबर लागतो, दाखला नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून मिळतो. चंदगड-आजऱ्याच्या मुलांचा अधिवास महाराष्ट्राचा, त्यांनी एसएसपीवर वेळ घालवू नये, अनुसूचित जातीची पोस्ट मॅट्रिक (दहावीनंतरची) स्कॉलरशिप तर ज्या राज्याचा अधिवास त्याच राज्याकडून मिळते. आपल्या भागात हा गोंधळ दरवर्षी होतो, कारण घर आणि कॉलेज यांच्यामध्ये सीमा आहे आणि अंतर मात्र पाऊण तासाचं.

पैसे अडकण्याचं दुसरं मोठं कारण बँक. अर्ज मंजूर होतो, पण आधार त्या खात्याशी जोडलेलं नसतं, किंवा शेवटचं जोडलेलं खातं आईनं गावात उघडलेलं जनधनचं निघतं, आणि पैसे तिथं जाऊन बसतात. बँकेत 'केवायसी झालंय का' विचारलं तर हो म्हणतात. विचारायचं असतं 'डीबीटीसाठी आधार सीडिंग कुठल्या खात्याला आहे'. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत: केवायसी म्हणजे ओळखीची पडताळणी, सीडिंग म्हणजे सरकारी पैसे (डीबीटी) ज्या खात्यात यायचे त्याला आधार जोडणं. अर्ज सुरू झाले की एक शनिवार दुपार ठरवून सगळ्यांचं हे तपासून घेणं हे वचन देता येतं. 'स्कॉलरशिप मिळवून देऊ' हे देता येत नाही.

सांबऱ्याचा_विनायक
मी थोडा वेगळा बोलतो. आपली मराठी मतं एकत्र ठेव, बाकीचं आपोआप जमतंय. आपल्या भागात आपला माणूस पदावर असणं गरजेचं आहे, मेसमध्ये, ऑफिसात कुणाशी मराठीत बोलायचं म्हटलं तर?

अक्कम्मा_गोकाक
विनायक, तुमची कळकळ समजते. ऑफिसात आपल्या भाषेत बोलता यावं हा हक्काचा विषय आहे, तो जरूर मांडावा. पण या पदाच्या दारात रात्री अकराला कोण येतं? कोट्टायमहून आलेली, कन्नडही न कळणारी, पहिल्या महिन्यात रडणारी मुलगी येते. तिला ही 'त्यांची' उमेदवार वाटली तर ती येणारच नाही. अध्यक्षपदाला तुमचं गणित चालत असेल, इथं चालू नये.

सांबऱ्याचा_विनायक
हे बरोबर आहे अक्का. माझा मुद्दा ऑफिसापुरता धरा. फॉर्म भरायला मराठीतून समजावणारा एकजण आणि कन्नडातून एकजण, असं काही लिहिता येईल का?

वडगावकर
येईल की. प्रत्येक भाषेचा एक 'सोबती' नेमायचा: मराठी, कन्नड, मल्याळम, हिंदी. चारच नावं, नंबर नोटीस बोर्डावर. अर्ज भरायच्या आधीच त्या चौघांना विचारून होकार घे, मग पत्रकात लिही. नुसतं 'नेमू' म्हणण्यापेक्षा 'नेमलेत, ही नावं' याला वजन आहे.

डॉ_अरविंद_कॅम्प
वेलफेअरची मर्यादा कुणी लिहिली नाही, म्हणून लिहितो. सेक्रेटरी समुपदेशक नव्हे. ऐकायचं, आणि योग्य माणसापर्यंत पोचवायचं. पत्रकात 'कुणालाही काहीही सांगा, गुप्त राहील' असं कधीही लिहू नका. जीवाला धोका आहे असं वाटलं तर वॉर्डन, सल्लागार आणि डॉक्टरांना सांगावंच लागतं, त्या मुलाला एकटं सोडायचं नसतं. म्हणून वाक्य असं हवं: 'तुम्ही सांगितलेलं तुमच्या परवानगीशिवाय पुढं जाणार नाही, जीवाला धोका असेल तेवढं सोडून.' हे पहिल्याच भेटीत तोंडीही सांगायचं, समोरच्यानं सगळं बोलून झाल्यावर नव्हे.

टेली मानस हा सरकारी दूरध्वनी १४४१६, चोवीस तास, फुकट, भाषा निवडता येते, मराठी-कन्नड-मल्याळम सगळ्या आहेत. हा नंबर हॉस्टेलच्या बाथरूमच्या दारामागं आतून लावा. नोटीस बोर्डापुढं उभं राहून असा नंबर कुणी टिपून घेत नाही.

रॅगिंग आणि लैंगिक छळ या दोन तक्रारी सेक्रेटरीनं 'मिटवायच्या' नसतात. 'दोघांना बसवून समजावलं' यात तक्रार करणाराच भरडला जातो. रॅगिंगला कॉलेजची समिती आणि १८००-१८०-५५२२. लैंगिक छळाला अंतर्गत समिती, लेखी तक्रारीची मुदत घटनेपासून ३ महिने, योग्य कारण असेल तर समिती आणखी ३ महिने वाढवू शकते. सेक्रेटरीनं समितीतल्या सदस्यांची नावं माहीत ठेवायची, हवं असल्यास सोबत जायचं, एवढंच. स्क्रीनशॉट आपल्या फोनमध्ये जमवायचे नाहीत.

शाल्मली_खानापूर
डॉक्टर, 'गुप्त राहील' हे मी खरंच लिहिलं होतं. खोडलं.

रक्तदान शिबिराबद्दल कुणी सांगाल का? आधीच्या सगळ्या पत्रकांत 'भव्य रक्तदान शिबिर' असतंच.

मंडोळीची_सुनंदा
'भव्य' काढून टाक. ५० दात्यांचं शिबिर नीट होणं पुष्कळ आहे. परवाना असलेल्या रक्तकेंद्राशी तारीख ठरवायची, डॉक्टर-तंत्रज्ञ-पिशव्या त्यांच्या. आपल्याकडं हवेशीर हॉल, टेबलं, पाणी, नाश्ता आणि माणसं. एका दात्याला खाटेवर साधारण २० मिनिटं जातात, म्हणजे ५ खाटांवर तासाला १५. पन्नासांना साडेतीन तास. सकाळी ९ ला सगळ्यांना बोलावलं की १० वाजता रांगेत उभं राहून, उपाशीपोटी, दोघं तरी चक्कर येऊन पडतात. १५-१५ च्या तुकड्या कर.

वय १८ च्या वर (पहिल्या वर्षाची काही मुलं १७ चीच असतात, ती उत्साहानं येतात), वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन १२.५. मुलांना दोन दानांत ९० दिवस, मुलींना १२०. रात्रपाळी करून आलेल्यांना त्या दिवशी घ्यायचंच नाही. आदल्या रात्री नीट झोप, दानाआधीच्या २-३ तासांत नाश्ता, येण्याआधी दोन ग्लास पाणी. दान झाल्यावर १० ते १५ मिनिटं बसवून ठेवायचं, लगेच जिना चढू द्यायचा नाही.

आणि नर्सिंग कॉलेजात बऱ्याच मुली हिमोग्लोबिनवर परत जातात. तिथंच वेलफेअर सुरू होतं. परत पाठवलेल्या मुलीच्या हातात ओपीडीची चिठ्ठी आणि दोन ओळींचा कागद द्यायचा: लोहाची गोळी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं, चहा-कॉफी तिच्या तासभर आगंमागं नाही, जेवणात लिंबू. किती पिशव्या जमल्या हे सगळे मिरवतात. किती मुलींचं हिमोग्लोबिन तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, हे कुणी विचारत नाही. तू विचार.

वर्गावर्गांत दात्यांची स्पर्धा लावू नकोस. प्रश्नावलीत खरं उत्तर देऊन मागं फिरायची मोकळीक प्रत्येकाला हवी. स्पर्धा लागली की मुलं लपवतात.

निपाणीचा_जोतिबा
आता माझा विषय. फ्रेशर्सला १५० माणसं धर. पुलावाला माणशी १०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे १५ किलो. पाणी माणशी १ लिटर, २० लिटरचे ८ जार. अंदाजपत्रकात १० टक्के वर ठेव, जनरेटरचं डिझेल आणि हॉलची सफाई नेहमी विसरतात. जेवणात दोन ओळी कर, एकीत व्हेज एकीत अंडं-चिकन, वाढपी वेगळे, डाव वेगळे. बक्षिसाला शिल्डपेक्षा कुंद्याचा (बेळगावी दुधाच्या मिठाईचा) डबा दे, मुलं जास्त खूष होतात.

साउंडचं बघ. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. आणि हॉस्पिटलभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेले असतात. कॉलेज हॉस्पिटलला लागून असेल तर मैदानाचा विचार सोड, बंद सभागृह घे. आपणच आरोग्याचे विद्यार्थी, पेशंटच्या खिडकीखाली डीजे लावणं शोभत नाही.

संकेश्वरी
वेळ संध्याकाळची नको, दुपारी २ ते ६ ठेवा. चंदगड, कानूर, जांबोटीच्या गाड्या चुकतात. शक्ती योजनेत (कर्नाटकातला बायकांचा मोफत बस प्रवास) कर्नाटकचा पत्ता असलेल्या मुलींना तिकीट लागत नाही, चंदगडच्या मुलींना लागतं. गाडी चुकली की त्यांना वडाप किंवा भाड्याची गाडी, खर्च त्यांच्याच माथी. आणि १ नोव्हेंबर टाळा. राज्योत्सवाची सुटी असते, मिरवणुकीनं शहरातले रस्ते अडतात.

मृण्मयी_फिजिओ
जोतिबाचं एक पटतंय, ते आता मोकळेपणानं लिहिते. सोशल आणि वेलफेअर वेगळं करा असं बरेचजण म्हणतात. मला ती दोन्ही एकत्रच हवीत. फ्रेशर्सच्या दिवशी जिच्या हातून जेवणाचं ताट घेतलं, तिच्याच खोलीचं दार मुलं पुढं ठोठावतात. अनोळखी 'वेलफेअर'कडं कुणी जात नाही. मात्र फ्रेशर्समध्ये कोपऱ्यात बसलेल्या मुलांकडं बघायला दोघींना मोकळं ठेव. त्या दोघींना स्टेजचं काम द्यायचं नाही.

वडगावकर
मतदानाचा दिवस. कुठली बॅच कम्युनिटी पोस्टिंगला बाहेर आहे ते आजच बघ. खानापूरच्या बाजूला प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलेली ४० मुलं चारला परत येतात आणि पेटी तीनला बंद होते, असं होऊ शकतं. निवडणूक अधिकाऱ्यांना आठ दिवस आधी लेखी विनंती दे: मतदान सकाळच्या ड्यूटीनंतर, ५ पर्यंत. ही विनंती सगळ्या उमेदवारांच्या सह्यांनी गेली तर नाकारत नाहीत.

प्रचारासाठी वर्गात लेक्चर संपताना ३ मिनिटं, शिक्षकांना आधी विचारून. वॉर्डात प्रचार करायचा नाही, युनिफॉर्मवर बिल्ला लावायचा नाही.

डॉ_अरविंद_कॅम्प
भाषणाचं राहिलं. दोन मिनिटं म्हणजे सव्वादोनशे ते अडीचशे शब्द, त्याहून जास्त नाही. चार भाषांत एकेक 'नमस्कार' म्हणून टाळ्या घेतात, त्यापेक्षा मूळ भाषण ज्या भाषेत नीट बोलता येतं तीत करावं आणि एकच महत्त्वाचं वाक्य मराठी-कन्नड-इंग्रजी तिन्ही भाषांत सांगावं. सुई टोचल्याचं सांगा. ते प्रत्येक वर्गाला लागू आहे.

शाल्मली_खानापूर
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बसून पत्रक नव्यानं लिहिलं:

विद्यार्थी कल्याण व स्नेहसंमेलन
१. पहिल्या महिन्यात हिपॅटायटिस बीची यादी, तिन्ही तारखांची आठवण. प्रत्येक ड्यूटी रूममध्ये 'सुई टोचली तर' कागद, तीन भाषांत.
२. स्कॉलरशिप अर्जाच्या वेळी एक शनिवार, एसएसपी आणि आधार सीडिंग तपासणी. चार भाषांचे चार सोबती, नावं खाली.
३. फ्रेशर्स दुपारी, सभागृहात. रक्तदान ५० जणांचं, आणि परत गेलेल्या प्रत्येकीची तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.
तुम्ही सांगितलेलं तुमच्या परवानगीशिवाय पुढं जाणार नाही, जीवाला धोका असेल तेवढं सोडून.

मल्याळम सोबती दुसऱ्या वर्षाची मुलगी झालीय, तिनं होकार दिला. मेसबद्दल मुद्दाम काही लिहिलं नाही, तिथली कमिटी वेगळी आहे.

मंडोळीची_सुनंदा
तिसऱ्यात 'प्रत्येकीची' ऐवजी 'तयार असेल त्या प्रत्येकाची' कर. मुलगेही परत जातात, आणि तपासणी सक्तीची वाटू नये.

सांबऱ्याचा_विनायक
मराठी सोबत्याचं नाव अजून ठरलं नसेल तर माझा धाकटा भाऊ तिथंच फार्मसीला आहे. फॉर्म भरण्यात पक्का आहे, कन्नडही येतंय. विचारून कळवतो.

अक्कम्मा_गोकाक
छान झालंय गं. कन्नड पोस्टर लिहून झालं की फोटो पाठव, मी बघून देते. 'क्षेम' लिहिताना एक सांभाळ. मराठीत ए एकच, कन्नडात ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन आहेत, आणि इथं दीर्घ आहे. मराठी हात तो शेवटचा दीर्घाचा फाटा द्यायला हमखास विसरतो.